यंत्रातच राहिलेले इशारे

दि. १४ जुलै २०२५, सकाळी १०.२० वाजता सर्व्हरच्या स्वतःच्याच मेलपेटीत शीतगृहाच्या वाढत्या तापमानाचे ४१२ इशारे पडून होते.

बिरवाडीच्या कारखान्यातल्या या सर्व्हरवर लिनक्स ही संगणकप्रणाली नव्याने बसवली, तेव्हा मूळ सेटिंगमध्ये ईमेल यंत्राबाहेर जात नाही, हे मी व्यवस्थापक आमोद यांना लेखी कळवले होते. “काका, आहे तसंच राहू द्या,” ते हसून म्हणाले. पुढे इशारे कुणापर्यंत पोहोचलेच नाहीत आणि शीतगृह तापून माल नासला. मालकांसमोर त्यांनी माझ्या वयाकडे बोट दाखवले आणि माझी नोकरी गेली.

आज माझा शेवटचा दिवस. मी सेटिंगची ती ओळ बदलली आणि सगळे इशारे, सोबत माझे जुने पत्र जोडून, मालकांकडे सोडले.

आमोद धावत आले. “काका, थांबवा हो!”

“आहे तसंच राहू द्या, साहेब.”

मालकांना पोहोचले: ४१२ पैकी ४१२.