अकरा वाजता जाणारं नेट

पाटीवाल्यांचं घर आणि त्यांची कामाची शेड यांच्यामध्ये सत्तर पावलांचं अंगण होतं. दारावरच्या नावाच्या पाट्या, स्पर्धांच्या ढाली, दवाखान्यांचे फलक असं सगळं कोरणारं मशीन त्या शेडमध्ये होतं. कामाला वाघ, पण जुन्या वळणाचं. त्याला नेट हवं तर वायरनेच हवं, हवेतलं चालायचं नाही. नेट मात्र घरात. अंगणातून दोनदा वायर पुरून झाली. पहिली उंदरांनी खाल्ली आणि दुसरी नळ दुरुस्त करायला आलेल्यांनी पहिल्याच घावात तोडली. तेव्हापासून पाटीवाल्यांनी वायरचं नाव टाकलं होतं.

म्हणून ते रोज अकराला पेन ड्राइव्ह घेऊन घरात यायचे. कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची मेल उघडायचे, नावं आणि नक्ष्या उतरवून घ्यायचे आणि परत जायचे. काम पाच मिनिटांचं. त्याला पाऊण तास लागायचा, कारण मध्ये चहा होता आणि चहाबरोबर गिऱ्हाइकांच्या गोष्टी होत्या. एकाला कुत्र्याच्या नावाची पाटी स्वतःच्या नावापेक्षा मोठी हवी होती. एका जोडप्याचं कोणाचं नाव वर घ्यायचं यावरून तीन आठवडे अडलं होतं, आणि तोवर त्यांच्या दारावर नुसतेच चार स्क्रू होते.

पाटीवाल्यांच्या बायकोला या गोष्टी नव्याने मिळाल्या होत्या. पस्तीस वर्षं ती दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावत होती, अकरा वाजता नवरा घरी काय करतो याचा तिला पत्ताच नव्हता. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली आणि तिच्या लक्षात आलं की आपला अख्खा दिवस त्या पाऊण तासावर टांगलेला आहे. हे तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही. साठी उलटल्यावर असलं काही बोलायचं म्हणजे तिला कानकोंडं व्हायचं.

आणि मग भाची आली. पाटीवाल्यांची ही भाची ऑफिसांमध्ये नेट बसवण्याचं काम करायची. मामाची रोजची ये-जा बघून तिने कपाळाला हात लावला.

"मामा, अजून पेन ड्राइव्ह? थांब, तुला पूलच बांधून देते."

तिने पांढरे दोन डबे आणले. एक स्वयंपाकघराच्या खिडकीत लावला, घरातल्या नेटला जोडून. दुसरा शेडच्या दारावर, पहिल्याकडे तोंड करून. दुसऱ्या डब्यातून वीतभर वायर काढून मशीनमध्ये खोचली. मशीनला वाटलं वायरनेच नेट आलं, आणि ते गुमान चालू झालं.

"आता हे दोघे एकमेकांना दिसत राहिले पाहिजेत," भाची म्हणाली. "मध्ये काही नको. आणि पाणी तर नकोच, पाणी सिग्नल पिऊन टाकतं. मामी, ती कपड्यांची दोरी तेवढी बाजूला बांध."

"बांधते," मामी म्हणाली, आणि विसरली. खरंच विसरली, अगदी देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. पाटीवाले सकाळीच थर्मास भरून घेऊन गेले होते. डब्यावरचा हिरवा दिवा तिच्याकडे बघत होता. तिने एकटीने चहा घेतला. चहा तोच, पण गोडी नव्हती. पुढचे चार दिवस असेच गेले.

पाचव्या दिवशी तिने दोन जाड ब्लँकेटं धुऊन दोरीवर टाकली. अकराला पाटीवाले धुसफुसत दारात उभे.

"नेट गेलंय. कुठाय माझा पेन ड्राइव्ह?"

चहा झाला. कुत्र्यावाला परत आला होता, पाटी अजून मोठी करून हवी म्हणून. ती पोट धरून हसली. दुपारी ब्लँकेटं वाळली आणि नेट आपोआप आलं. पाटीवाल्यांनी नेटच्या कंपनीला शिव्या घातल्या, मग उन्हाला, मग मशीनला. ब्लँकेटं काढताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

त्यानंतर त्या घरातली ब्लँकेटं जितकी स्वच्छ झाली तितकी ती दुकानातही नसतील. सोमवारी ब्लँकेटं, बुधवारी रजया, शुक्रवारी परत ब्लँकेटं. अकराला नवरा दारात आला की ती साळसूद चेहऱ्याने विचारायची, "परत गेलं का हो?" आणि आधण तयार असायचं.

हे महिनाभर सुखाने चाललं. मग एका बुधवारी पाटीवाले अकराच्या आधीच आले. चहा नको म्हणाले. त्यांच्या हातात पितळी पाटी होती. बस चालवणाऱ्या एका बाईंचा त्या दिवशी निरोप समारंभ होता, त्यांच्यासाठी सहकाऱ्यांनी करून घेतलेली. कामाची वर्षं सत्तावीस नव्हे, एकोणतीस, अशी दुरुस्ती त्यांनी साडेनऊला मेलने पाठवली होती. ती शेडमध्ये पोचलीच नाही. त्यांचा फोन आला तोवर पाटी कोरून झाली होती.

"दोन वर्षं खाल्ली त्या बाईंची," पाटीवाले म्हणाले. त्यांनी नवी पाटी घेतली, जेवायलाही आले नाहीत, आणि चारच्या ठोक्याला काम हातावेगळं केलं.

पाटी वेळेवर गेली. बायकोचा जीव मात्र भांड्यात पडला नाही. आपल्या एका कप चहासाठी आपण काय करून बसलो होतो, याची तिला मनापासून लाज वाटली. संध्याकाळी तिने दोरी सोडली आणि घराच्या मागे, दोन खांबांना बांधली. नवऱ्याला सांगायचं धाडस झालं नाही.

पुढचे तीन दिवस हिरवा दिवा क्षणभरही विझला नाही. अकरा वाजता ती दुसऱ्या खोलीत जाऊन कपाट आवरायची, म्हणजे घड्याळ दिसायला नको.

चौथ्या दिवशी अकराला दार वाजलं.

"नेट गेलंय," पाटीवाले म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तिने खिडकीकडे पाहिलं. दिवा हिरवागार. बाहेर अंगण लख्ख मोकळं, एक रुमालसुद्धा वाळत नव्हता. पाटीवाल्यांनी पेन ड्राइव्ह काढायला खिशात हात घातला, तर हातात मोजपट्टी आली. दुसऱ्या खिशात किल्ल्या निघाल्या. मग त्यांनी शोधायचं सोडून दिलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"दुसऱ्याच आठवड्यात. भाचीला फोन केला, तर ती म्हणाली, मामीने दोरी हलवली का ते बघ."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू दोरी हलवली असतीस."

ती ओट्याशी उभी राहिली. आधण ठेवायचं भान राहिलं नाही. मग म्हणाली, "पण त्या बाईंची पाटी माझ्यामुळे बिघडली."

"छे. नेट गेलंय हे मला साडेनऊलाच दिसलं होतं. तेव्हाच उठून यायला हवं होतं." पाटीवाले मोजपट्टी उलगडत, मिटत राहिले. "म्हटलं, आत्ता गेलो तर अकराला कोणत्या तोंडाने जाणार? म्हणून रिकामं बसण्यापेक्षा पाटी कोरायला घेतली."

तिने आधण ठेवलं, दोन कपांचं. मग त्यात अजून अर्धा कप पाणी घातलं.

"ती दोरी मागेच राहू दे," ते म्हणाले. "काम अडतं. मी येत जाईन."

"थर्मास?"

"गळतो तो," पाटीवाले म्हणाले. थर्मास नवा कोरा होता, भाचीनेच आणलेला. "बरं ऐक, त्या चार स्क्रूवाल्यांचं अखेर ठरलं."

"कोणाचं नाव वर?"

"सांगतो. आधी बस तरी."