अडकलेलं शून्य

अर्धापूरच्या अमृतरावांकडे केळी पिकवायच्या चार थंड खोल्या होत्या. त्या चालवणारा प्रोग्राम उमाशंकरने लिहिला होता. मूळचा जळकोटचा हा माणूस नांदेडच्या एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात नऊ वर्षं होता. काही अडलं की मालक राजशेखर सर आधी त्याच्याच टेबलाकडे वळायचे. लायबा आली आणि ते थांबलं.

लायबा चोवीस वर्षांची, नांदेडचीच. तिला पहिलंच काम मिळालं ते उमाशंकरच्या प्रोग्रामच्या टेस्ट, म्हणजे तो नीट चालतो का हे बघणाऱ्या चाचण्या, सुधारायचं. त्या सतत कुठेतरी अडायच्या. कूलिंग चालू ठेवायचं की बंद, हे ठरवणारं एक फंक्शन, प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, होतं आणि ते सेन्सरचं तापमान आणणाऱ्या दुसऱ्या फंक्शनला हाक मारायचं. नांदेडात बसून अर्धापूरची खोली तापवता येत नाही. म्हणून उमाशंकर टेस्टपुरतं ते खरं फंक्शन आतून काढायचा, नकली बसवायचा आणि मग पुन्हा खरं लावायचा. कुठे परत लावायचं राहिलं, की पुढची टेस्ट नकली आकडाच खरा धरून चालायची.

लायबाने दोन दिवस सगळं वाचलं. मग तिने विचारलं, की ठरवणाऱ्या फंक्शनने तापमान आणायला स्वतः जायचंच कशाला? आणणारं फंक्शन बाहेरून त्याच्या हातात द्यावं. अर्धापुरात खरं द्यायचं आणि टेस्टमध्ये नुसतं 'अठरा' म्हणणारं एका ओळीचं नकली. काढा-लावायची भानगडच उरत नाही.

राजशेखर सरांनी सगळ्यांना बोलावून तिचा स्क्रीन दाखवला. उमाशंकरनेही मान डोलावली. नऊ वर्षांत त्याचा कोड सरांनी असा कुणाला दाखवला नव्हता. त्या दिवसापासून ती किती वाजता येते, सर चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी किती वेळ उभे राहतात, हे सगळं तो न ठरवता टिपू लागला. घरी बायकोने, अक्षराने, तोंड का उतरलंय विचारलं, तेव्हा कंबर दुखते म्हणाला.

त्याच आठवड्यात लायबा त्याच्याकडे आली. एका जुन्या टेस्टमध्ये नकली तापमान शून्य दिलेलं तिला दिसलं होतं.

"सर, हे शून्य कशासाठी हाय? केळीच्या खोलीत शून्य होतं का कधी?"

उमाशंकरला चांगलं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी तो अर्धापुरात असतानाच वीज जाऊन आली होती आणि सेन्सर शून्यावर अडकून बसला होता. खोली गार आहे असं समजून प्रोग्रामने कूलिंग बंद केलं होतं. तेव्हा त्याने एक अट घातली, की शून्य आलं तर विश्वास ठेवू नये, कूलिंग चालूच ठेवावं. ती कशासाठी, हे त्याने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

"जुनं हाय ते. काढून टाक," तो म्हणाला.

तिने थँक्यू म्हटलं आणि ती टेस्टही काढली, ती अटही.

पंधरा दिवस काहीच झालं नाही. मग मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी अर्धापुरात वीज गेली आणि आली. सोमवारी अमृतरावांचा फोन आला. एका खोलीतली सगळी केळी मऊ पडली होती, हात लावला की साल सुटत होतं.

सरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, हे कसं झालं. लायबा आपलं नाव घेणार, असं उमाशंकरला वाटत होतं. मला आठवत नाही, हे उत्तरही त्याने तयार ठेवलं होतं.

लायबा म्हणाली, "शून्याची अट मी काढली. आधी खोलीवर जाऊन बघायला पाहिजे होतं. बघितलं न्हाई."

ती एवढंच बोलून बसली. सर म्हणाले, चूक कबूल करावी ती अशी. आणि ते ऐकताना उमाशंकरला पुन्हा तिचा हेवा वाटला. चूक तिने अंगावर घेतली होती, तरी तिच्या वाट्याला आलेला तो एक चांगला शब्द त्याला सहन होईना. आपण कुठवर आलोय, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं.

"सर, तिनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मला माहीत असून मी काढ म्हणालो."

"का?"

"जळत होतो तिच्यावर."

लायबा टेबलाकडे बघत राहिली. सरांनी अर्धापूरचं काम त्याच्याकडून काढून लायबाला दिलं आणि अमृतरावांना तूच जाऊन खरं सांग म्हणाले. तो गेला. अमृतरावांनी त्याला दारातच उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं, पाणीही विचारलं नाही.

लायबा चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ती स्वतःची खुर्ची ओढत त्याच्या टेबलापाशी आली.

"सेन्सर अजून काय काय खोटं बोलतो ते सांगा सर. ह्या वेळी सगळं."

त्याने सांगायला सुरुवात केली. वायर सैल झाली की जुनाच आकडा देत राहतो. आत दमट झालं की उणे दाखवतो. कधी काहीच पाठवत नाही. तो बोलत होता तसतशी ती प्रत्येक खोडीसाठी एका ओळीचं नकली फंक्शन लिहीत होती. जेवणाच्या सुट्टीआधी सात झाली. एवढं करायला आपल्याला संध्याकाळ झाली असती, हे त्याला कळत होतं आणि खुपतही होतं.

"आठवं मी लिहू का?" त्याने विचारलं.

तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याचा एक कंस लावायचा राहिला. तिला तो दिसला असणार, पण ती बोलली नाही. त्याला सापडेपर्यंत थांबली.