सुलू पागनीसचं स्वागतगीत

"उद्या स्वागतगीत म्हण आणि गुपचूप घरी ये," यशोधन म्हणाला. "बाकी उद्योग नकोत."

सुलू मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. तिनं बोट वर करून त्याला थांबवलं, मोरीत चूळ टाकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"दादा, तू पाच सालानंतर आलास. चार दिवस आराम कर, पोहे खा, रामघाटावर चक्कर मारून ये. माझ्या गाण्यात नको पडूस."

यशोधन तिचा थोरला भाऊ. अमेरिकेत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. सुलू त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, लग्न न केलेली आणि गेली सव्वीस वर्षं मिलच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. शिकवायची गणित, पण गावाला ठाऊक होता तिचा गळा. मिल बंद पडून चार वर्षं झाली होती. शाळा कशीबशी तग धरून होती. आता मिलची जमीन विकायला सरकारची परवानगी मिळाली आणि तीस एप्रिलला शाळेलाही कुलूप लागणार, असं ठरलं.

परवानगीवर सही होती मंत्री भय्यासाहेबांची. हेच भय्यासाहेब निवडणुकीला उभे होते तेव्हा सुलू त्यांच्या एकेका सभेत गायली होती. मिल पुन्हा सुरू करू, असं ते हात जोडून सांगायचे आणि सुलू घसा बसेपर्यंत गाऊन ते लोकांच्या गळी उतरवायची. निवडून आल्यावर मिलच्या चाळीतल्या लोकांनी त्यांना खांद्यावर बसवून मिरवलं होतं. त्या मिरवणुकीतही सगळ्यांत पुढे सुलूच. आता कुणाला बोल लावणार?

उद्या टावर चौकात रंगीत टीव्हीच्या नव्या शोरूमचं उद्घाटन होतं, भय्यासाहेबांच्याच हस्ते. मंत्री आले की स्वागतगीत आलं आणि या हिंदी मुलखातल्या फ्रीगंज वस्तीत स्वागतगीत म्हटलं की सुलूताई आल्याच. बोलावणं घेऊन त्यांचा स्वीय सहायक स्वतः घरी आला होता. जाताना सांगून गेला की नानाखेड्याच्या सरकारी शाळेत मॅडमची जागा पक्की समजा. मुलांचं काय, हे त्यानं सांगितलं नाही. सुलूनं विचारलं तेव्हा त्याला चहा संपवून निघायची घाई झाली.

सुलूनं बोलावणं घेतलं. पण स्वागताऐवजी ती दुसरंच गाणं म्हणणार होती आणि ते यशोधनला कळलं होतं.

गाणं मुळात त्याचंच. एकाहत्तर साली तो तिकडे शिकत होता. लढाईविरुद्ध मोर्चे निघायचे, हा गिटार घेऊन त्यांत गायचा. एका मोर्चाची कॅसेट त्यानं बहिणीला धाडली. सुलूनं त्या गाण्याचं हिंदी केलं आणि मिलच्या फाटकावर गायला सुरुवात केली. आत्ता गुळण्या झाल्यावर तिनं तेच गुणगुणायला घेतलं. यशोधन चकित होऊन ऐकत राहिला.

"हे इतकं संथ का? अगं, हे चालायचं गाणं आहे. पावलं आपटत म्हणायचं."

"तुझ्या कॅसेटीत तर असंच होतं."

थोड्या चौकशीनंतर उलगडा झाला. त्या काळी टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की सुलू ते उन्हात तापवून पुन्हा घालायची, त्यामुळे फीत रडतखडत फिरायची आणि अमेरिकेतली तरणी पोरं आजोबांच्या आवाजात गायची. सुलूला वाटलं, मोठी दुःखी माणसं असतील बिचारी! पंचवीस वर्षं तिनं मोर्चाचं गाणं आरतीच्या लयीत म्हटलं होतं. दोघंही पोट धरून हसली.

हसता हसता यशोधन उठून खिडकीपाशी गेला.

"मी आता गात नाही, सुलू."

"का रे? ब्याण्णवला तिकडच्या निवडणुकीत तर तू फोनवर ओरडून राहिला होतास, आपले आले, आपले आले म्हणून."

"आले ना. बारा वर्षांनी आले. बर्फात दारोदार फिरून मतं मागितली होती आम्ही. वर्षभरात त्यांनीच मेक्सिकोशी व्यापाराचा करार केला आणि कारखाने तिकडे निघाले. मागच्या साली गरीब आयांची सरकारी मदत तोडली, तीही त्यांनीच." तो खिडकीबाहेर बघू लागला. "दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष असता तर रस्त्यावर उतरलो असतो. हा आपला. म्हणून म्हटलं, थोडा वेळ देऊ. वेळ देता देता गिटार माळ्यावर गेली."

"आणि तुझा कारखाना?"

"त्याच्याच फाटकावर आम्ही गायचो. तिथली मशिनं मेक्सिकोत नेऊन मी बसवली. मीच. नोकरी होती." तो सुलूकडे वळला. "गाण्यानं काही होत नाही. नानाखेड्याची जागा घे. तुझी नोकरीची नऊ वर्षं राहिलीयत."

सुलूला भावाची दया आली आणि रागही आला. काय जास्त, ते तिला ठरवता येईना.

"गाण्यानं झालं नाही, हे खरं," ती म्हणाली. "पण दादा, न गाण्यानं काय झालं रे?"

सुलूनं वहीचं पान फाडलं आणि जुन्या दोन कडव्यांखाली तिसरं लिहायला बसली. त्याला तिनं ते दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता टावर चौकात मांडव भरला होता. शोरूमच्या काचेआड वीस टीव्ही एकदम लागलेले. समोर शाळेच्या बारा मुली दोन रांगांत उभ्या, मागे त्यांच्या आया. भय्यासाहेब आले, हार झाले आणि सुलूनं पेटीवर सूर धरला.

"पाँव थके हैं, राह न थकी, तू भी चल और मैं भी चलूँ..."

चाल अशी सोज्वळ की ही प्रार्थनाच, असं सगळ्यांना वाटलं. भय्यासाहेबांनी उठून डोळे मिटले, हात जोडले. मंत्री उभे राहिलेले पाहून पहिली रांग उठली, मग दुसरी. शोरूमच्या मालकानं तर चपलाही काढल्या. दुसरं कडवं संपलं तेव्हा सबंध चौक हात जोडून उभा होता. पोलीससुद्धा.

मग तिसरं कडवं आलं.

"जिसको कंधे पर लाए थे, वो ही ताला लेकर आया..."

भय्यासाहेबांनी एक डोळा उघडला. पण हात जोडून उभा राहिलेला माणूस प्रार्थना अर्धी टाकून खाली कसा बसणार? तेही सगळ्या गावासमोर! सुलूनं ओळ पुन्हा घेतली, शाळेचं नाव घालून. आता लोक एकमेकांकडे बघू लागले. सहायक धावला आणि माईकची तार उपटली.

सुलू थांबली नाही. बिनमाईकनं आवाज बारीक झाला, पण लय संथ असल्यानं मुलींना ओळ धरता आली. मागून मंगलानं ती उचलली. मंगला चाळीत अगरबत्त्या वळायची, तिच्या दोन मुली या शाळेत होत्या, जन्मात कधी चारचौघांत गायली नव्हती. मग बाकीच्या आयाही गाऊ लागल्या. कडवं पूर्ण होईपर्यंत भय्यासाहेब उभेच राहिले. संपल्यावर त्यांनी फीत कापली आणि भाषण न करता गाडीत बसले.

सहायक सुलूजवळ आला.

"मैडम, नानाखेड़ा वाली जगह अब भूल जाइए।"

"भूल के ही आई थी, भैया," सुलू म्हणाली. तिनं पेटीचा भाता बंद केला.

मंगला पुढे आली. "ताई, आता स्कूल नाही बंद होणार ना?"

सुलूला खोटं बोलायचं नव्हतं. "होऊ पण शकते, मंगला. पण आता त्यांना डोळे मिटून नाही करता येणार. परवा कलेक्टरकडे जाऊ. सगळ्याजणी या."

मुलींच्या रांगा लावून ती शाळेकडे निघाली. एव्हाना ऊन चढलं होतं. यशोधन गर्दीतून आला, त्यानं पेटी उचलली आणि खांद्यावर घेतली. सगळे गात होते तेव्हा तो कुठे उभा होता, त्यानं ओठ हलवले की नाही, हे सुलूनं विचारलं नाही.

"आता काय करशील?" चालता चालता त्यानं विचारलं.

"आता?" सुलूनं घड्याळ पाहिलं. "साडेअकराला चौथीचा गणिताचा पेपर आहे. तू घरी जा, थकला असशील."

तो गेला नाही. वर्गात सुलू फळ्यावर भागाकाराची गणितं लिहीत होती. खिडकीतून तिला दिसत होतं, शाळेच्या पायरीवर दादा पेटी मांडीवर घेऊन बसला होता. पेपर सुटेपर्यंत तो तिथून उठला नाही.