बाबा आधी जाऊन आले

बाबा समुद्रातून बोटीनं जाऊन आले होते, हे मला त्यांच्या जलदान विधीत कळलं.

आरमोरीला घरासमोर मंडप होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग, आमच्याकडे रीत आहे तसं, गेलेल्या माणसाबद्दल एकेक जण उठून बोलू लागला. मी मनात जुळवून आणलं होतं ते बोलले. बाबा, म्हणजे सगळ्यांचे श्रीहरीभाऊ, आरोग्यसेवक म्हणून वैनगंगेपलीकडच्या गावांत कसे हिंडले, निवृत्त झाल्यावर मी चंद्रपूरहून आणलेली पुस्तकं माझ्याकडून कशी वाचून घेत, असं सगळं. माणसांनी माना हलवल्या. मग माझ्या धाकट्या भावाची, राजदीपची बायको उठली. संघप्रिया.

"मी काई ताईसारखी बोलू शकत नाई," ती म्हणाली. "मी फक्त बाबाच्या चपलांचं सांगतो."

मागच्या सहा डिसेंबरला गावातल्या लोकांबरोबर बाबा आणि ती चैत्यभूमीला गेले होते. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्री होती. बाकीचे बाजारात गेले आणि ही बाबांना घेऊन गेटवेला गेली, मांडव्याच्या जलद बोटीत बसायला. बोटीत चढण्याआधी बाबांनी पायऱ्यांवर चपला काढल्या आणि नीट जोडीनं ठेवल्या. आमच्या नदीवर चपला घालून डोंग्यात कोणी पाय टाकत नाही. काठावर काढून ठेवायच्या. डोंगेवाला सगळ्यांच्या गोळा करतो आणि डोंग्याच्या टोकाशी टाकतो. संघप्रिया मागून येणाऱ्या, पोरंबाळं घेतलेल्या बायांना वाट देण्यात गुंतली होती. बोट सुटली, गेटवे लहान झालं, तेव्हा बाबांनी तिला विचारलं, "माह्या चपला घेतल्या ना वं त्यानं?"

मंडप हसला. हसता हसता बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. बाबांचे जुने सोबती देवराव तर रडूच लागले.

"मंग दिवसभर माह्या मागं अनवाणी. अलिबागले गेलो तवा मी रबरी चपला घेऊन देल्या. त्याच घालत होते शेवटपर्यंत."

मीही हसले. हसावंच लागलं. त्या रबरी चपलांबद्दल बाबांनी मला सांगितलं होतं की जुनी जोडी दादरच्या गर्दीत हरवली, म्हणून या घेतल्या. ते मला खरंही वाटलं होतं. आणि आमचं दोघांचं ठरलेलं होतं. मी शिकवते त्या कॉलेजच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात मी त्यांना समुद्रावर नेणार होते, बोटीनं. समुद्राची वर्णनं मी त्यांना इतकी वाचून दाखवली होती की एकदा ते म्हणाले होते, "आता हे पाणी मले तूच दाखव, बाई." ते मार्चमध्ये गेले. मला वाटत होतं, समुद्र राहूनच गेला. तो राहिला नव्हता. तो संघप्रियाला मिळाला होता.

पुढचे महिने ती गोष्ट सगळीकडे भेटत राहिली. मूल गावातल्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत बायांनी संघप्रियाला ती सांगायला लावली. मनकर्णा आत्या म्हणाली, "सून असून पोरीसारखं केलं तिनं." माझ्याकडे बघून म्हणाली नाही, तरी मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मी काय बोलले होते ते कोणाला आठवत नव्हतं. मलाही त्यातलं एखादंच वाक्य आठवे. संघप्रियाची गोष्ट मात्र मला पाठ झाली होती. प्रत्येक वेळी त्यात नवं काही असे. कधी बाबांच्या टोपीवर उडालेलं पाणी, कधी शेजारच्या गुजराती म्हाताऱ्याशी जमलेली गट्टी. मी त्या नव्या गोष्टी गोळा करून घरी नेई आणि स्वतःलाच टोचून घेई.

या डिसेंबरात मीही गावाबरोबर दादरला गेले. दुसऱ्या दिवशी एकटीनं त्या बोटीत बसायचं असं मनाशी ठरवलं होतं. संघप्रियानं ते ओळखलं.

"ताई, तुमाले एकटीले थोडी जाऊ देईन मी. मले सगळं ठाऊक आहे."

तिला सगळं ठाऊक होतं. तिकीट कुठं, रांग कुठं, बोट कोणत्या बाजूनं लागते. पायऱ्यांवर ती थांबली आणि चपलेनं दगड दाखवून म्हणाली, "इथी काढल्या होत्या." आत गेल्यावर खिडकीजवळची एक जागा तिनं हातानं पुसली. "इथी बसा. बाबा इथीच बसले होते."

"मी इकडं बसते," मी म्हणाले आणि दुसऱ्या रांगेत बसले. मला बाबांची जागा तिच्या हातून नको होती.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. बोटीनं वेग घेतला तशी काचेवर पाण्याची चादर येऊन आदळली. इतक्या वर्षांच्या वाचनात समुद्र मला नेहमी संथ आणि मोठा वाटला होता. हा तर खडबडीत रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीसारखा हाडं खिळखिळी करत होता. मी ते बोलले.

"बाबाबी असंच म्हणले," संघप्रिया लगेच म्हणाली. "गडचिरोलीची एस्टी आहे म्हणे."

माझं वाक्यसुद्धा तिच्याकडे आधीच होतं.

मांडव्याला उतरून आम्ही बसनं अलिबागला गेलो. किनाऱ्यावर वाळूत घोडागाड्या फिरत होत्या, पोरं पाण्यात ओरडत होती. आम्ही एका टपरीजवळ चहा घेऊन बसलो. माझ्यानं राहवलं नाही.

"मले काऊन नाई सांगितलं त्यायनं?" मी विचारलं. माझी घरातली बोली अशी मध्येच वर येते, विशेषतः राग आला की.

संघप्रिया कप हातात फिरवत राहिली. "मलेबी सांगू नको म्हणले होते. राजदीपलेसुद्धा नाई सांगितलं मी. मंडपात उभी राह्यली अन् तोंडातून निघून गेलं. तवापासून तुमी माह्याशी धड बोलत नाई. मले दिसत नाई का?"

"सांगू नको म्हणजे? मलाच?"

"तुमालेच." ती आता माझ्याकडे बघत होती. "ताईले वाटलं पायजे का मी तिच्यासंगंच पयल्यांदा आलो. असं म्हणले. दिवसभर तेच. ताईले कोन्या बाजूनं बसवाचं, ऊन कुठून येते, बस कुठून मिळते. बोटीवरच्या पोराले दहा वेळा विचारलं, मे महिन्यात बोट चालू राह्यते का म्हणून. पुढच्या गावात डॉक्टराले न्याचं असलं तर मी आदल्या दिवशी रस्ता पाहून येत होतो म्हणे, तसंच हे." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मी आणलं त्यायले. माह्या बापाले मी कधी कुठी नेलं नाई, तो आधीच गेला. अन् हे सारखे ताई, ताई. मले इतका राग आला होता का इथंच रेतीत तोंड फिरवून बसली होती मी. चपला घ्याले गेली तवा कुठं बोलली."

मी चहा संपवला. इतके महिने मी तिचा हेवा करत होते, आणि त्याच वाळूवर ती माझा हेवा करत बसली होती. हे कळल्यावर माझं मन मोकळं व्हायला हवं होतं. थोडं झालंही. मग लगेच वाटलं, माझ्यासाठी ठेवलेलं ते गुपितही तिच्याकडेच होतं. मला ते मिळालं तेही तिच्या हातून.

परतीच्या बोटीत वारा वाढला होता. बोट उचलली जाई आणि धाडकन खाली बसे. समोरची एक बाई डोळे मिटून पुटपुटत होती. या वेळी मी बाबांच्या जागेवर बसले. संघप्रियानं ती माझ्यासाठी अडवून ठेवली होती.

"येतानी असंच होतं," ती म्हणाली. "पन बाबा एवढे खूश, का सांगू. बोलनं थांबतच नव्हतं त्यायचं. पलीकडच्या गावायची नावं काय, मोहफुलाचा भाव काय, कोन्या पाटलाच्या बैलाचं काय. मी हो म्हनो का नाई म्हनो, बोलूनच राह्यले. माहं मनगट धरून बसले होते लहान पोरासारखे."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. तिला ते खरंच तसं वाटत होतं.

मी शाळेत जाऊ लागले होते तेव्हा बाबा एकदा मला पलीकडे घेऊन गेले होते. पाणी चढलेलं होतं, डोंगा कलत होता. बाबा मध्ये बसून बोलत होते, थांबत नव्हते. गावांची नावं, मोहाचा भाव, बैल. डोंगेवाला हसत होता. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. काठावर उतरल्यावर खाली बसून ते मला हळूच म्हणाले, "मायले सांगू नको हं. तुह्या बाबाले पाण्याचं भेव वाटते." त्यांना पोहता येत नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी नदी ओलांडण्यात काढली, आणि माणसं म्हणत, श्रीहरीभाऊ मोठा बोलका.

म्हणून ते आधी येऊन गेले होते. माझ्यासमोर भ्यायचं नव्हतं त्यांना. ती भीती आधी कुठंतरी संपवून यायची होती, आणि त्यासाठी त्यांनी संघप्रियाचं मनगट निवडलं. मला त्याचाही हेवा वाटला. आणि तिला तर ते दिसलंही नव्हतं.

"खूप खूश होते ना, ताई?" तिनं पुन्हा विचारलं. तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं. मार्चपासून ती ते सगळ्यांकडून ऐकत आली होती, एक माझ्याकडून राहिलं होतं.

एका वाक्यात मी तिची ती पूर्ण सफर माझ्याकडे ओढून घेऊ शकले असते. वाक्य तोंडात आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "खूप."

तिचं मन राखलं, असं म्हणता आलं असतं. ते खरं नव्हतं. बाबांच्या भीतीचं गुपित, तेवढं एकच माझ्यापाशी होतं, आणि ते मला कोणाला द्यायचं नव्हतं.

संघप्रियाचा चेहरा उजळला. तिनं पाय वर घेतले, पदर कानाभोवती गुंडाळला आणि बाबांबरोबरच्या त्या दिवसाचं सगळं पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेतलं. गेटवे दिसू लागेपर्यंत मी ते ऐकत राहिले.