मालूचं तेल

"मेले गं, सोड! मोडतीस काय पाय?"

चंपाबाई ओरडल्या, पण नाकाला लावलेला पदर काही त्यांनी काढला नाही. दुखणं एकवेळ सोसवत होतं, तेलाचा वास सोसवत नव्हता. परसात केळीच्या आडोशाला चटई टाकून त्या पाय पसरून बसल्या होत्या, आणि मालुबाई त्यांच्या गुडघ्याच्या वाटीभोवती दोन्ही अंगठे रुतवून घट्ट झालेली कणीक मळावी तशी मळत होती. तिच्या मनगटावरून तेलाचा काळपट ओघळ चटईवर पडला आणि चंपाबाईंनी तिकडून तोंड फिरवलं.

"हाड बरं हाय, आक्का," मालुबाई म्हणाली. "मांसबी बरं हाय. दोघांच्या मधी पापुद्रा असतोय, त्यो वाळलाय. शेंगदाण्यावरलं तांबडं साल बघा. ओल्या शेंगेत कसं सरतंय, आन् वाळलं की कसं चिकटून बसतंय. चोळाय पायजे, ऊब द्याय पायजे, आन् सकाळ-सांज उंबऱ्यात चौकटीला धरून उठबस कराय पायजे. तंबाखूच्या वखारीत दिसभर पाटावर बसून ऱ्हायलासा तर दगड हुईल त्याचा."

"मागं एरंडेल लावलंस ते काय वाईट होतं?"

"त्येनं गुण आला न्हाय न्हवं? मग."

एरवी दारावरच्या भाजीवालीला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणाऱ्या चंपाबाईंनी या नव्या तेलात काय आहे, एवढं मात्र विचारलं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. आणि गुडघा तर आजच चार बोटं जास्त वाकला होता.

चंपाबाईंची किळस निपाणीत सगळ्यांना ठाऊक होती. आडाचं पाणी त्यांच्या घरी दुहेरी फडक्यातून गाळलं जाई, आणि फडक्यावर राहिलेला जीव पुन्हा आडातच सोडला जाई. आमटीत केस निघाला तर ताटच काय, त्या दिवसाची भूकही उठून जाई. सून ब्राह्मी नवी असताना शिमग्याच्या बाजारातून साखरेचे पोपट घेऊन आली होती. गुलाबी, चोचीला थोडा पिवळा रंग लावलेले. तिनं एक तोंडाला लावला आणि चंपाबाईंनी तो हातातून हिसकावून घेतला.

"आत्ती, साखर हाय ती," ब्राह्मी रडवेली होऊन म्हणाली होती. "त्यात जीव कुठला?"

"साखर साखरेच्या जागी. चावताना तुझ्या मनात पोपट होता न्हवं? मग तू पोपटच खाल्लास."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बस्तीत, जिनमंदिरात, चार बायका जमल्या की तो किस्सा त्या स्वतःच सांगत, आणि सांगून झाल्यावर ब्राह्मीकडे बघत. ब्राह्मी मान खाली घाली.

अशा बाईनं मालूचं ते तेल अंगाला लावून घ्यावं, याला कारणही तसंच होतं. श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक जवळ आला होता. मागच्या खेपेला त्यांचे मालक नेमगोंडा नुसत्या तयारीवर राहिले. ऐन वेळी तंबाखूचा माल उघड्यावर भिजला आणि "पुढच्या खेपेला जाऊ, दोघं मिळून कलश घालू" असं म्हणून त्यांनी बांधलेलं गाठोडं सोडलं. पुढची खेप यायला वर्षांमागून वर्षं गेली, आणि ती येईपर्यंत नेमगोंडा राहिले नाहीत. आता मुलानं, बाहुबलीनं, कलशाची व्यवस्था केली होती. डोंगर मात्र चढायचा होता. डोलीत बसून जायला चंपाबाई तयार नव्हत्या. दुसऱ्याच्या खांद्याला घट्टे पाडून मिळवलेलं पुण्य मालकांच्या नावानं वाहायला त्यांना लाज वाटत होती.

नव्या तेलानं पाय सुटत चालला. मालुबाई रोज येई, निरगुडीच्या पाल्याचा शेक देई, चोळी, मग हाताला धरून उंबऱ्याशी उठबस करायला लावी. चंपाबाई कण्हत, कुरकुरत, नाक मुरडत का होईना, करत. थोड्याच दिवसांत त्या बस्तीच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढल्या आणि खाली उभ्या असलेल्या बायकांकडे त्यांनी वळून बघितलं.

तिथंच अक्काताईनं त्यांना गाठलं. अक्काताई म्हणजे शेजारच्या घरची, सगळ्या गल्लीची खबर ठेवणारी.

"मालूनं पाय बरा केला म्हणं?"

"व्हय. हाताला गुण हाय तिच्या."

"हाताला कसला? तेलाला. आमच्या गड्याचा पोरगा तालमीत जातोय, त्येला बी तेच लावती. घोरपडीचं." अक्काताईनं आवाज खाली आणला, पण चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता आला नाही. "चरबी कढवून करत्यात. तुला म्हायती असंल की."

चंपाबाई घरापर्यंत कशा आल्या, हे त्यांनाही कळलं नाही. परसात पोचताच भडभडून ओकल्या. मग राख घेतली, शिकेकाई घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि गुडघा लाल होईपर्यंत घासला. तरी वास जाईना. चटई चुलीत घातली, नेसलेलं लुगडं बोहारणीला देऊन टाकलं. तेल लागलेल्या हातांनी आपण जपमाळ धरली, हे आठवलं तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा ओकारी आली. डोळे मिटले की ती दिसायची. जाड, खरखरीत, शेपूट ओढत भिंतीवर चढणारी. आणि मग चुलीवरची कढई.

दुसऱ्या दिवशी मालुबाई आली तेव्हा दार उघडलं नाही.

"आक्का, काय झालं? मी काय चुकलो?"

"काय झालं न्हाय. उद्यापासनं येऊ नकोस."

घरात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. अशी गोष्ट तोंडातून काढायचीसुद्धा किळस. उपवास धरला आणि दिवसभर पाटावर बसून राहिल्या. शेक बंद, चोळणं बंद, उंबऱ्याशी उठबस बंद. मालूनं शिकवलेलं काहीच त्यांना आता अंगाजवळ नको होतं.

पाय पुन्हा आवळत गेला. आधी खाली बसताना, मग उठताना, मग नुसतं कूस वळतानाही. गावातले लोक जायला निघू लागले. कुणी मोटारीनं बेळगाव गाठून पुढं आगगाडीनं, कुणी कोल्हापूरकडून. बाहुबली एका सकाळी समोर येऊन बसला.

"आई, डोली सांगून ठेवतो. हट्ट करू नको."

"बघू," त्या म्हणाल्या.

तो वखारीत गेल्यावर त्यांनी गुडघा वाकवून बघितला. मग ब्राह्मीला हाक मारली.

"मालूला बोलीव जा."

ब्राह्मी लगेच निघाली. पण जाताना क्षणभर थांबून तिनं सासूकडे बघितलं, आणि ते बघणं चंपाबाईंना आवडलं नाही.

मालुबाई आली. रुसवा धरायचा तिचा स्वभाव नव्हता. हातात एरंडेलाची शिशी होती.

"हे नको," चंपाबाई म्हणाल्या. त्या केळीच्या बुंध्याकडे बघत बोलत होत्या. "ते आण."

"कुठलं, आक्का?"

"मागचं. काळं."

"त्येच्या वासानं तुमास्नी..."

"आण म्हटलं न्हवं? आणि त्यात काय हाय, ते मला सांगायचं न्हाय."

मालुबाईनं खांदे उडवले आणि ती तेल घेऊन आली.

या खेपेला चंपाबाईंनी पदर नाकाला लावला नाही. एवढा वास तरी आपण सोसलाच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेल कोमट होतं. मालूचे अंगठे ते कातडीत जिरवत होते, आणि प्रत्येक चोळण्यासरशी चंपाबाईंना स्वतःच्या पायाची, त्या पायाला आत कुठंतरी सुख वाटत होतं त्याची, शिसारी येत होती. गुडघा मात्र निर्लज्जासारखा सुटत होता. त्या रोज आंघोळ करत, रोज क्षमा मागत आणि रोज मालूची वाट बघत. जेवण त्यांना जाईना. त्या हातानं घास उचलायचा म्हटलं की घशाशी येई. घरच्यांना वाटलं, यात्रेआधी अन्न कमी केलंय.

जाताना मालुबाईला बरोबर घेतलं. वाटेत पाय धरला तर पंचाईत नको.

श्रवणबेळगोळला डोंगराच्या पायथ्याशी यात्रेकरूंसाठी झोपड्या उभ्या केल्या होत्या. अभिषेकाच्या सकाळी चंपाबाई आंघोळ करून कोरं पांढरं लुगडं नेसून आल्या, तेव्हा झोपडीच्या मागं तीन दगडांवर छोटी लोखंडी कढई चढली होती आणि मालुबाई पाठमोरी बसून काहीतरी ढवळत होती. तोच वास. चंपाबाईंचे पाय जागच्या जागी थबकले.

"हे काय करतीस?"

"तेल कढवाय लागलोय. गाडीत बाटली लवंडली की. चढायच्या आधी एक हात मारतो, म्हंजे पायऱ्या जड जायच्या न्हाईत."

बघायचं नाही असं ठरवूनही त्यांची नजर कढईत गेली. निरगुडीची पानं तेलात करपून काळी पडली होती. शेजारी करंजाच्या तेलाचा डबा होता, ओव्याची पुरचुंडी होती, लसणाची सालं पडली होती. दुसरं काही नव्हतं.

"आणि ते?"

"काय ते?"

"त्यात घालतीस ते." चंपाबाईंनी कढईकडे बोट केलं. "घोरपडीचं."

मालुबाईनं मान वळवली, त्यांच्याकडे टकमक बघितलं आणि मग ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"त्ये व्हय! त्ये तालमीतल्या पोरांस्नी सांगतोय मी. नुसतं करंजाचं म्हटलं तर त्यांस्नी गुण येत न्हाय. अवो, घोरपड कुठली आन् काय! असला जीव हातात धराय माझं काळीज न्हाय. आन् गुण काय तेलाचा असतोय, आक्का? गुण चोळण्याचा, आन् तुमी उठबस केलासा त्याचा. मधी रागानं बसून ऱ्हायलासा, म्हणून परत आवळला पाय."

चंपाबाई मालूच्या शेजारीच खाली बसल्या. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून घ्यावी तसं झालं. करंज. निरगुडी. झाडाचा पाला! त्यांना हसूच आलं, कितीतरी दिवसांनी, आणि हसता हसता त्यांनी मालूच्या पाठीवर एक धपका घातला.

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"तुमीच म्हटलासा, सांगू नको म्हणून." मालुबाईही हसत होती. ती पुन्हा कढईकडे वळली, पळी फिरवता फिरवता थांबली आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. "पर आक्का... तुमास्नी ते घोरपडीचंच वाटत हुतं? आन् तरीबी परत बोलवून लावून घेतलासा?"

त्यात टोमणा नव्हता. तिला फक्त नवल वाटलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता ती पानं बाजूला काढू लागली.

चंपाबाई उठल्या. रांजणाजवळ गेल्या, तांब्यानं हातावर पाणी घेतलं. पुन्हा घेतलं. पुन्हा. हात स्वच्छ होते. हाताला काही लागलेलंच नव्हतं, कधीच लागलं नव्हतं, मग धुवायचं तरी काय? त्या दिवशी घरी राख घेऊन घासायला गुडघा होता, चुलीत घालायला चटई होती. इथं काहीच नव्हतं. साखरेचा तो गुलाबी पोपट त्यांना आठवला, आणि त्यावरचं आपलंच ठरलेलं वाक्य. ही किळस कशानं ओकून टाकायची, हे त्यांना कळेना.

"आक्का, या. तेल निवलं."

"नको आता," त्या म्हणाल्या. "चढतो मी."

आणि त्या खरंच चढल्या. उन्हानं खडक तापायच्या आधीच, अनवाणी, कठड्याला हातही न लावता. मागून येणारी ब्राह्मी धापा टाकत होती. डोल्या जात होत्या, भोयांच्या माना घामानं चकाकत होत्या, आणि चंपाबाई त्यांच्या पुढं निघून जात होत्या. बाहुबली वरून आईला येताना बघत होता. त्यानं वरूनच हात उंचावला.

माथ्यावर माणसांचा नुसता पूर लोटला होता. कन्नड, मराठी, हिंदी, सगळा जयजयकार एकमेकांत मिसळला होता. वर आभाळाला टेकलेली ती मूर्ती, उघडी, शांत, अंगावरून दुधाचे ओघळ वाहत असलेली. लाकडी मचाणावर त्यांची पाळी आली तेव्हा बाहुबलीनं भरलेला कलश आईच्या हातात दिला.

चंपाबाईंनी तो घेतला. क्षणभर छातीशी धरला. मग वळून ब्राह्मीच्या हातात ठेवला.

"तू घाल. तुझ्या सासऱ्याच्या नावानं."

"मी?" ब्राह्मी गोंधळली. "आत्ती, एवढं चढून आलासा, तुमीच घालायचं न्हवं? पाय दुखाय लागले काय?"

चंपाबाई दोन पावलं मागं सरल्या. दोन्ही गुडघे पूर्ण दुमडून त्या मचाणाच्या फळ्यांवर बसल्या आणि त्यांनी कपाळ खाली टेकवलं.

"न्हाय गं," त्या तशाच, मान न उचलता म्हणाल्या. "पायाला काय झालेलं न्हाय."