संघरत्नाचा कोरस

आमच्या किन्हवलीच्या गायन पार्टीत मी पेटी वाजवतो, आणि तोंड जरा जास्त चालवतो. आमचा गायक रत्नदीप, माझा चुलतभाऊ. गळा गोड, पण खोड वाईट. गाण्याच्या मधोमध हा बाबा थांबतो, उशिरा आलेल्यांना हात जोडून जय भीम घालतो, घोटभर पाणी पितो, आणि आम्ही कोरसवाले तोंडं उघडी ठेवून बसतो. करणार काय? गायकानं हात खाली टाकून खूण केल्याशिवाय कोरस उठत नाही, म्हणजे सूर लावत नाही, हा पार्टीचा नियमच आहे.

त्याची मुलगी संघरत्ना मात्र वेगळ्याच वाटेला लागली. शहापूरला कॉलेज करता करता मनोज सरांकडे व्हायोलिन शिकली, तेही साहेबी पद्धतीचं. यंदा मुंबईहून चाळीस जणांचा वाद्यवृंद शहापूरच्या सभागृहात येणार होता, आणि त्यांच्यापुढे उभं राहून एकटीनं वाजवायला सरांनी तिचं नाव दिलं. त्या प्रकाराला कॉन्चेर्टो म्हणतात. एक व्हायोलिन पुढे, बाकी सगळे मागे. मागच्यांचं वाजवणं ती वर्षभर फोनवर लावायची आणि त्यावर आपलं वाजवायची. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे माझ्या म्हशीलाही ते पाठ झालं असेल.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी. शनिवारी तालीम झाली, आणि पोरगी एसटीनं परत आली. आईनं पुढे केलेला चहा निवून गेला. मी दोनदा विचारलं, तेव्हा कुठे बोलली.

"सोमाकाका, ते मुंबईच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, स्वर सगळे जागेवर हायेत, पण तू आमच्या मागं लपतेस. उद्या सकाळी परत एकदा बघणार. नाय जमलं तर त्यांच्यातली एक मिताली म्हणून हाय, ती वाजवणार."

"मग लपतेस कशाला गो?"

"लपत नाय ओ! एखादा सूर जरा धरून ठेवावासा वाटतो, तवर ते पुढं गेलेले असतात. मी आपली धावतेय मागनं. घरी फोन पण तसाच. तो कुठं कुणासाठी थांबतो?"

घोडं अडलं होतं ते इथं. रत्नदीप दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं पार्टीला विहारात बोलावलं आणि मुलीला म्हणाला, "फोन घरी ठेव, व्हायोलिन घेऊन ये."

पेटीवर मी, ढोलकीवर रूपेश आणि चार कोरसवाले. मागच्यांचं वाजवणं भिंतीपलीकडून जेवढं कानावर पडलं होतं, तेवढं आम्ही सुरू केलं. मुंबईकरांनी ऐकलं असतं तर पोलिसात गेले असते. मग संघरत्नाचा भाग आला. ती छान वाजवत गेली आणि आमची उठायची जागा आली. तिनं सूर संपवून आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिच्याकडे पाहिलं. कोणीच काही वाजवेना.

"वाजवा ना!" ती म्हणाली.

"तू हात टाक मग," रूपेश म्हणाला.

"माझे दोन्ही हात गुंतलेत! एकात व्हायोलिन, एकात गज."

"मग गज टाक," रत्नदीप शांतपणे म्हणाला. "संघे, तू गायक. तुझा सूर सरला का नाय, ते आमाला काय ठाव? तू सांगशील तवा आमी उठू. तवर बसलोय."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा ती चिडली. सूर लांबवला आणि गज असा खाली आणला की रूपेशची थाप आपोआप पडली. आम्ही सगळे एकदम उठलो. तिचे डोळेच मोठे झाले. पुढच्या जागेला तिनं मुद्दाम सूर धरून ठेवला, बारीक करत करत अगदी धाग्याएवढा केला. रूपेशचा हात हवेत. त्याला शिंक आली, ती त्यानं गिळली. ते बघून ती हसली, तरी गज काही टाकला नाही. बापावर गेली कार्टी! त्यानंतर तिनं जे वाजवलं, ते ऐकून मला गलबलून आलं. पेटीचा भाता मारायचा राहिला, आणि कोणी मला त्यावरून बोललंही नाही.

रविवारी सकाळी रत्नदीप आणि मी तिच्याबरोबर शहापूरला गेलो. सभागृह रिकामं होतं, आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत मिताली आपलं व्हायोलिन मांडीवर घेऊन तयारच बसली होती. संचालकांनी हातातली ताल दाखवायची काडी उचलली.

शनिवारी अडलेली ती जागा आली. संघरत्नानं सूर धरला. मागच्या दोघातिघांनी सवयीनं सुरुवात केली आणि ते ओशाळून थांबले. ती थांबली नाही, तिनं घाईही केली नाही. सूर बारीक होत गेला. संचालकांनी काडी तशीच वर धरली आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं अजून थोडं ताणलं. मग गज टाकला.

मागचे सगळेच्या सगळे एकदम उठले. आणि माझ्या शेजारी आणखी एक. रत्नदीपनं डोळे मिटून, गळा मोकळा सोडून सूर लावला होता. मी त्याला चिमटा काढेपर्यंत वाजवणं थांबलं होतं.

"मागे कोण गातंय?" संचालकांनी विचारलं.

रत्नदीप खाली मान घालून उभा राहिला. हजार माणसांपुढे न डगमगणारा माणूस तो! मला वाटलं, बापानं पोरीच्या पायावर धोंडा पाडला.

"माझे बाबा आहेत, सर," संघरत्ना म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ आला. "कोरसला आहेत. मी गज टाकला की ते उठतात. त्याच जागेपासून परत घेऊ या?"

मिताली हसली. आपलं व्हायोलिन घेऊन ती मंचावर मागच्यांमध्ये जाऊन बसली. संचालकांनी काडी उचलली, पण सुरुवात केली नाही. संघरत्नाच्या गजाकडे बघत ते थांबले.