बुरूनानाचा सलाम

सुंदरबाईंच्या डोक्यात अख्ख्या गावाचं मोजमाप पक्कं बसलेलं होतं. कुणाच्या घरी लोणच्याची वाटी भरून गेली नि रिकामी परत आली, लेक सारिकाच्या बाळंतपणात कोण डिंकाचे लाडू घेऊन आलं नि कोण नुसतं तोंड घेऊन आलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात माणसं म्हणूनच त्यांच्याशी जपून वागत.

अशा बाईच्या ओट्यावर दिवाळीत एक कुत्रा येऊन पडला. ब्रूनो त्याचं नाव. मुलगा युवराज धुळ्याला पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात होता आणि हा त्याचा कुत्रा. दोघांनी आठ वर्षं बरोबर नोकरी केली. मग ब्रूनोचे मागचे पाय थकले, तो निवृत्त झाला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरचे जिने त्याला चढवेनात. युवराज त्याला आईकडे घेऊन आला.

"माय, तुले सोबत व्हई," तो म्हणाला.

"माले कसाले सोबत? गाव शे ना."

जाताना युवराजने खिशातून विटलेला हिरवा चेंडू काढला. हा भुंकणार नाही, त्याने समजावलं. भुंकायचं नाही असंच त्याला शिकवलंय. काही सापडलं की त्याच्यासमोर गुपचूप बसतो आणि चेंडू मिळेपर्यंत उठत नाही. चेंडू हाच त्याचा पगार, फुकट द्यायचा नाही. सुंदरबाईंनी अर्ध्या कानाने ऐकलं. गावात काय बॉम्ब सापडणार? लाळेने चिकट झालेला तो चेंडू त्यांनी पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

गावाने ब्रूनोचा बुरूनाना केला. रात्री पाटावर निजणारा, कोंबडी समोरून गेली तरी मान न वळवणारा कुत्रा कुणी पाहिला नव्हता. शेजारचा मगन रोज विचारी, "अक्का, हाऊ कुत्रा शे का पाव्हना?"

"पाव्हना चार दिनमा जास," सुंदरबाई म्हणत.

तरी भाकरी त्या स्वतःच्या हाताने कुस्करून देत, दुधात भिजवून. त्याचे दात झिजले होते, म्हणून. हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना राहिला असेल, तेव्हा बुरूनानाने नवीनच चाळा सुरू केला. शेतशेजारी प्रेमराज ओट्यावर आला की हा उठायचा, त्याच्या हाताचा वास घ्यायचा आणि थेट त्याच्यापुढे बसायचा. ताठ, कान उभे, नजर त्याच्यावर. मगन आला तर डोळाही उघडायचा नाही. सरपंच आले तरी तेच. प्रेमराजपुढे मात्र दर वेळी.

"सलाम करस तो माले," प्रेमराज म्हणाला. "सरकारी कुत्रा शे. माणूस वळखस."

हसणारे हसले, पण प्रेमराज खरंच फुलला. ज्याला घरात बायको दुसऱ्यांदा चहा विचारत नव्हती, तो आता इस्त्रीचा सदरा घालून सुंदरबाईंच्या ओट्यावर येऊ लागला. येताना रस्त्यावरून दोघा-चौघांना घेऊन यायचा, सलाम दाखवायला.

सुंदरबाईंना तो सलाम झोंबला. दिवाळीपासून भाकरी कुणी कुस्करली? पायाला तेल कुणी चोळलं? "भाकर मना हातनी खास नि मान देस त्या प्रेमराजले," त्या कुत्र्याला म्हणाल्या. बुरूनानाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पिठाच्या डब्याकडे. त्यांना वाटलं, भूक लागली असेल.

त्याच संध्याकाळी त्यांनी युवराजला फोन केला. "आखाजी व्हवू दे. मंग त्याले लई जाय."

"काय व्हयनं माय? चावना का?"

"नही."

"घाण करस का?"

"नही. पन माले नही पायजे."

कारण सांगायची त्यांना लाज वाटली. कुत्र्याने दुसऱ्याला मान दिला म्हणून रुसले, हे मुलाला कसं सांगायचं? युवराज म्हणाला, "बरं. आखाजीले येसू तवय लई जासू." त्याचा पडलेला आवाज ऐकून सुंदरबाईंना जेवण गोड लागलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सारिका सुरतेहून माहेरी आली, सहा वर्षांच्या प्राचीला घेऊन. सणाच्या सकाळी सारिका खापरावर पुरणाचे मांडे करायला बसली. प्राचीला झोका हवा होता. शेताच्या बांधावरच्या निंबाला दरवर्षी झोका बांधला जायचा, तो बांधला गेलाय का, ते पाहायला सुंदरबाई नातीला घेऊन निघाल्या. बुरूनाना न बोलावता मागून आला.

बांधाच्या अलीकडे त्यांचं शेत, पलीकडे प्रेमराजचा उन्हाळी मका. यंदा रानडुकरांनी मका उलथापालथा करून टाकला होता. प्रेमराज रोज शिव्या देत होता, आणि गेल्या महिन्यापासून एकाएकी द्यायचा थांबला होता. सुंदरबाईंनी हेही टिपलं होतं, फक्त कशाशी जोडलं नव्हतं.

निंबाच्या वीस पावलं अलीकडे बुरूनाना थांबला. नाक खाली, मग वर. लंगडे पाय विसरून तो झपाझप पुढे गेला आणि बांधाच्या कडेला बसला. ताठ, कान उभे.

"आजी, लाडू!" प्राची पळत सुटली.

खरंच लाडवासारखं काहीतरी पडलं होतं. कणकेचा गोळा, वरून तेलकट. सुंदरबाईंना वाटलं, कुणी नैवेद्य टाकला असेल. पण गावचं कुठलंही कुत्रं असतं तर तो एव्हाना पोटात गेला असता. हा मात्र हातभर अंतरावर बसला होता, जिभेवरून लाळ गळत होती, आणि तोंड लावत नव्हता. प्रेमराजपुढे बसायचा तसाच.

काही सापडलं की त्याच्यासमोर गुपचूप बसतो, हे युवराजचं बोलणं त्यांना आता आठवलं.

प्राची वाकली. आणि ज्याला आठ वर्षांत कुणी भुंकताना ऐकलं नव्हतं, तो बुरूनाना भुंकला. एकदाच, जाड, गंजलेल्या आवाजात. बसल्या जागेवरून त्याने अंग आडवं केलं आणि मुलीच्या गुडघ्यांना टेकवलं. प्राची दचकून मागे पडली.

"प्राची," सुंदरबाई म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यांना मागाहून नवल वाटलं, "जशी आलीस तशीच मागे ये. पाऊल मोजत. कोण हळू चालतं ते पाहू."

खेळ म्हणून प्राची आली. त्यांनी तिला उराशी धरलं, बांधावरून लांब नेलं आणि युवराजला फोन लावला. तो बसमध्ये होता, गावापासून तासाभरावर.

"तो बठेल शे का उभा?"

"बठेल शे."

"हलस का?"

"डोया पन हलावत नही."

डुकरांसाठी टाकतात तो स्फोटाचा गोळा असणार, युवराजने सांगितलं. दाबला की फुटतो. कुणी जवळ जायचं नाही, पोलिसांना तो स्वतः कळवतो. मग म्हणाला, "माय, तो तठेच बसी राही. चेंडू देखस नही तोवर उठाव नही. चेंडू कोठे शे?"

सुंदरबाईंनी घर गाठून प्राचीला सारिकाच्या हवाली केलं, पिठाचा डबा उघडला आणि पंचावन्नाव्या वर्षी पदर खोचून पळाल्या. मगनला त्यांनी वाट अडवायला उभं केलं. उन्हात बुरूनाना तसाच बसला होता. मागचे पाय थरथरत होते. ते लुळे पडून तो गोळ्यावरच कोलमडला तर?

लांबूनच त्यांनी चेंडू वर धरला. "बुरू," त्या म्हणाल्या. नाना म्हणायचं राहून गेलं. "ये रे बाळा. सापडलं. तुले सापडलं."

त्याची नजर गोळ्यावरून चेंडूवर आली. तो उठला, एकदा पडला, पुन्हा उठला आणि शेपूट हलवत आला. सुंदरबाई मातीतच बसल्या. लाळेने भरलेला तो चेंडू आणि ते डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, आणि नव्या लुगड्याचं काय झालं ते पाहिलंही नाही.

पोलीस आले, गोळा निकामी झाला. प्रेमराजला काही विचारावं लागलं नाही. प्राची पडली ती जागा पाहून तो खालीच बसला आणि मक्यातले उरलेले तीन गोळे कुठे आहेत ते एकेक दाखवलं. डुकरांनी एक बांधापर्यंत ढकलत आणला असावा. जीपमध्ये चढताना तो सुंदरबाईंपुढे थांबला.

"अक्का, माले वाटनं तो सलाम करस."

"तो सांगी राहिंता," सुंदरबाई म्हणाल्या. "तुले समजनं नही. माले बी नही."

त्यांनी चूक अशी अर्धी स्वतःकडे घेतलेली गावाने प्रथमच ऐकली.

आखाजी झाली. युवराज धुळ्याला निघाला, तेव्हा त्याने गुपचूप पट्टा हातात घेतला. सुंदरबाईंनी तो काढून खुंटीला टांगला.

"त्याना पाय दुखतस. जिना कसा चढी?" एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आठेक दिवसांनी प्रेमराज जामिनावर सुटून आला. इस्त्री नव्हती, बरोबर माणसं नव्हती, हातात आमरसाची वाटी होती. ओट्याच्या पायरीपाशी तो थांबला. वर माणसं बसली होती. बुरूनाना उठला, लंगडत गेला आणि त्याच्या हातांचा वास घेऊ लागला. आधी उजव्या, मग डाव्या. प्रेमराजने डोळे मिटले होते.

बुरूनाना त्याच्यापुढे न बसताच वळला, आपल्या पाटावर आला आणि चेंडूवर हनुवटी टेकून पडून राहिला.

सुंदरबाईंनी हे पूर्ण होऊ दिलं. मग वाटी घेतली, आणि बुरूनानाचा पाट थोडा सरकवून, जागा करून म्हणाल्या, "बठ."